अंगठा न देण्याचा उन्हाळा

चैत्र संपत आला की माझ्या हाताला गव्हाच्या चिकाचा आंबूस वास येतो. आता कुरडया मी घरी करत नाही, ताडकळसच्या बाजारातून आणते, तरी येतो. यंदा तो आला तेव्हा मी रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभी होते. माझ्यापुढे माझ्या सासूबाई होत्या. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. तर आत्याबाई एका काळ्या डबीएवढ्या यंत्रावर आपला अंगठा दाबत होत्या आणि यंत्र लाल दिवा लावून नाही म्हणत होतं.

"आजी, जरा जोर लावा," दुकानदार म्हणाला.

त्यांनी जोर लावला. "आता लय जोर झाला," तो म्हणाला. मग त्यानं अंगठा पदराला पुसायला सांगितलं. मग ओला करायला सांगितलं. मग मागून कोणी तरी लिंबाची फोड दिली, ती चोळून झाली. खोबरेल तेलाचं बोट लावून झालं. डावा झाला, उजवा झाला, एकेक करून दहाही बोटं झाली. ब्याऐंशी वर्षांची बाई भर उन्हात एका डबीपुढे हात पसरून उभी आणि डबी तिला ओळखायला तयार नाही.

"ई-केवायसी झाली न्हाई तर कार्डावरलं नाव कमी होतं, आजी. मपल्या हातात काही न्हाई."

"कुनाचं नाव?"

"तुमचं."

"कोन कमी करनार?"

दुकानदारानं यंत्राकडे बोट दाखवलं. तो वाईट माणूस नाही. त्यालाही वर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. पण आत्याबाईंचा चेहरा मी बघत होते. गव्हा-तांदळाचं त्यांना फारसं नव्हतं, घरात खाण्यापुरतं पिकतं. नाव कमी होतं म्हटल्यावर त्यांची हनुवटी जी वर झाली, ती तशी वर झालेली मी चाळीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाहिली होती, आणि मला तो सगळा उन्हाळा त्या रांगेत आठवला.

आधी एक सांगून टाकते, मी यंत्रांच्या विरुद्ध असलेली बाई नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्याची आठवण काढून गळा काढणाऱ्यांत मी नव्हते. जात्याचं कौतुक दळण न दळलेल्यांनी करावं. मिक्सर आला, गॅस आला, फॅन आला, सगळ्यांना मी ओवाळलंच. माझा राग आहे तो न ऐकणाऱ्या यंत्रावर. माझा फोन एका दुपारी आपणहून सुधारला आणि सुधारल्यावर त्याची सगळी बटणं जागा बदलून बसली. मराठीसाठी दोन दाबा म्हणतात, दोन दाबलं की हिंदी सुरू होते. वीजबिल भरायला गेले तर मी माणूस आहे की यंत्र याचा पुरावा द्या म्हणे, आणि पुरावा काय, तर नऊ चित्रांतली सिग्नलची चित्रं ओळखा. आमच्या गावात सिग्नल नाही. मी माणूस असल्याचं परगावच्या खांबांवरून सिद्ध करायचं, म्हणजे कमालच आहे.

आणि सगळ्यात चीड येते ती दोनच बटणांची. नवं काही घ्या म्हणतात, त्याखाली 'आता' आणि 'नंतर' एवढंच लिहिलेलं असतं. 'नको' कुठंच नसतं. मी चष्मा पुसून पुसून शोधलंय. मोठमोठी डोकी बसून हे तयार करतात, त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही की समोरची बाई नको म्हणू शकते.

त्या उन्हाळ्यात मी नवी सून होते. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून मराठवाड्यात घरं जळून गेलेली होती, माणसं गेली होती. आमच्या गावात जळलं काही नव्हतं, पण गाव आणि वस्ती यांच्यामधल्या चिंचेखालून जाताना माणसं बोलणं थांबवायची. त्या चिंचेच्या अलीकडे आमचं घर. मी सातवी पास होऊन आले होते आणि त्याचा मला फार ताठा होता. माहेरून आणलेल्या ट्रंकेत साड्यांच्या खाली एक कोरी वही ठेवली होती. ती कशासाठी आणली हे मलाही सांगता आलं नसतं.

पाणी नव्हतं. गावच्या विहिरीत सकाळी चार हंडे निघाले की पुढं पोहऱ्यात गाळ यायचा. मग मळ्यातल्या विहिरीवर जायचं, डोक्यावर दोन, काखेत एक, परत येईपर्यंत चुंबळ वाळून कडक व्हायची. वस्तीतल्या बायांचं आणखी वेगळं. त्या विहिरीपाशी नुसत्या उभ्या राहायच्या. कोणी तरी आपला पोहरा वरून त्यांच्या घागरीत रिकामा करील तेव्हा पाणी. कोणाच्या मनात आलं तर लवकर, नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत. आत्याबाई वाढायच्या, नाही असं नाही, पण आधी आपलं भरून मग. मीही तसंच करायचे. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही, हे मी आज कबूल करते.

हापसा पाहिजे, असं पहिल्यांदा आमच्या अंगणात बोलली ती कौसाबाई. वस्तीतली. आमच्याकडे रोजानं यायची, गोठा लिंपायला, खत ओढायला, काही असेल त्याला. हापश्याला वाढणारं कोणी लागत नाही, दांडा जो मारील त्याचं पाणी, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. आत्याबाईंना ते पाण्यासाठी पटलं. मला अर्ज लिहायचा हुकूम झाला. माझ्या वहीचं पहिलं पान असं कामी आलं.

गल्लीतल्या तेरा बायांनी अंगठे दिले, घरटी एक, म्हणून माझी सही त्यात नव्हती. शाईचं पॅड चावडीवरून मागून आणलं होतं. प्रत्येकीच्या अंगठ्याभोवती मी लिहीत गेले, अमकीची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. निशाणी लिहिताना मला मोठं शहाणं वाटत होतं. शेवटी कौसाबाई आली. तिनं पॅडाला हात लावला नाही. माझ्याकडून पेन घेतलं, कागद जमिनीवर ठेवला, गुडघा टेकला आणि सावकाश आपलं नाव लिहिलं. वस्तीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालायचा, तिथं ती शिकली होती. आत्याबाई बघत राहिल्या.

ग्रामसेवकानं अर्ज वाचला, उलटा केला, परत सुलटा केला. "अंगठ्याचं काय घेऊन बसलात, बाई. अंगठे समदे सारखेच. एकाच बाईनं तेरा येळा उठवला तर मला काय कळनार?"

"आमी तेरा जनी हितं उब्या हावोत की," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमी उब्या हाव, कागद तालुक्याला जायचाय. तिथं तुमी न्हाई, तुमचा अंगठा दिसनार." मग त्याचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं. "ही सही हाय एक. मंजे अर्ज एका बाईचा झाला. एका बाईसाठी हापसा कोन देतं?"

घरी येईपर्यंत आत्याबाईंनी डाव्या अंगठ्याची शाई पदरानं इतकी घासली की कातडं लाल झालं. शाई गेली नाही. तेव्हा ती जात नसे लवकर. आज वाटतं, तेव्हा शाई जाता जात नव्हती आणि आता रेघा राहता राहिल्या नाहीत. सत्तर वर्षं ज्वारी कापली, कापूस वेचला, राखेनं भांडी घासली, भिंती सारवल्या, त्यात त्या गेल्या. त्या कुठं गेल्या हे आम्हाला विचारलं असतं तर आम्ही एकेक जागा दाखवली असती. यंत्र विचारत नाही.

माझा अंदाज होता की त्या मला म्हणतील, सूनबाई, शिकव. मी सातवी पास, घरातली, समोर उभी. ट्रंकेतली वही मी काढूनही ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेकडून शिकलं की सून डोक्यावर बसते, असं त्या मागे एकदा शेजारणीला सांगत होत्या, ते मी ऐकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गोठ्यात गेल्या. कौसाबाई भिंत लिंपत होती. पिवळी माती, भुसा, शेण, ओल्या भिंतीचा गार वास. बाहेर ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. मी दाराशी ताकाचा तांब्या घेऊन उभी राहिले. ताक कोणी मागितलं नव्हतं.

"कौसे, मला दस्तखत शिकव."

आत्याबाई सहीला दस्तखत म्हणायच्या, निजामाच्या राजवटीत जन्मलेली बाई ती. कौसाबाई हसली नाही. तिनं ओल्या लिंपणावर बोटानं सुभद्रामधला एक मोठा सु काढला आणि चार पावलं मागं सरकली. आत्याबाई पुढे झाल्या आणि त्याच्याखाली त्यांनी काही तरी काढलं. तो सु नव्हता. कौसाबाईनं लांबूनच सांगितलं, आधी वाटोळं घ्या, मग खाली घ्या, मग काना. पुन्हा काढला, पुन्हा बिघडला. कौसाबाई पुढे यायची, हातानं भिंत सपाट करायची, नवा सु काढायची, परत चार पावलं मागं. आत्याबाई पुढे. जणू दोघींच्या मधे एक खाट टाकलेली होती आणि दोघी तिला वळसा घालत होत्या.

असे दोन दिवस गेले. अक्षर असं लांबून येत नाही, हे मी जाणून होते. मला मास्तरांनी हात धरूनच शिकवलं होतं. पण ते मी बोलले नाही. ताकाचा तांब्या घेऊन दाराशी उभी राहिले, एवढंच केलं.

तिसऱ्या दुपारी कौसाबाईच म्हणाली, "असं न्हाई यायचं, मालकीनबाई. हात धरावा लागतो." आणि म्हणून झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून लिंपायला लागली, काही बोललेच नाही असं दाखवत.

मला आत्याबाईंची पाठ दिसत होती. मग त्यांनी उजवा हात बांगड्या मागं सारून पुढे केला. "धर," त्या म्हणाल्या.

चिखलानं भरलेला कौसाबाईचा हात त्यांच्या हातावर बसला आणि दोन बोटं मिळून भिंतीवरून फिरली. सु झाला. भ झाला. द्रा जोडाक्षर म्हणून फार दमवील असं मला वाटलं होतं, तोही त्या दिवशी झाला. त्याच वेळी माझ्या चुलत सासू परडं ओलांडून आल्या, दारातच थबकल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "सुबद्रे, हात धुऊन घे गं माय."

आत्याबाईंनी मागं वळूनही बघितलं नाही. "धुतला तर अक्षर बी धुऊन जाईल, जाऊबाई," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा सु काढला.

चुलत सासूंनी आमच्याकडे पाणी पिणं सोडलं. महिनाभर. पाणी तसंही नव्हतंच, तेव्हा त्याचा आम्हाला फायदाच झाला.

मला पुढे अंगणवाडीत नोकरी लागली, बत्तीस वर्षं केली. रजिस्टरं लिहिली, लेकरांची वजनं लिहिली, एकाही लेकराचं नाव माझ्या हातून चुकलं नाही. शेवटच्या काही वर्षांत ॲप आलं. लेकराचा चेहरा फोनपुढे धरा, ॲप ओळखेल, मग खाऊ द्या. एका लेकराचं जावळ काढून आणलं, तर ॲप त्याला ओळखेना. आई समोर, मी समोर, लेकरू खिचडीकडे बघतंय, आणि ॲप म्हणतंय चेहरा जुळत नाही. मी खिचडी वाढली. वरून विचारणा झाली तेव्हा मी लिहून दिलं, केस उगवल्यावर जुळवून घ्या. आमच्या पर्यवेक्षिका म्हणाल्या, असं लिहायचं नसतं. मी म्हटलं, मग कसं लिहायचं असतं ते तुम्ही लिहून द्या. त्यांनी दिलं नाही.

तर सुभद्रा आलं. पण ग्रामसेवकाला नुसतं सुभद्रा चालणार नव्हतं, नवऱ्याचं नाव पाहिजे. इथं सगळं अडलं. माझ्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्यांचं नाव मुंजाजी. आत्याबाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. कौसाबाई त्यांना मालक म्हणायची, तिच्याही तोंडून येणार नाही. आणि मी सून, माझा तर प्रश्नच नव्हता. गोठ्यात तिघी जणी, तिघींना नाव माहीत, आणि तोंडातून काढायला एकही तयार नाही. शिकवायचं तर अक्षर बोलून दाखवावं लागतं.

शेवटी कौसाबाईनंच वाट काढली. "मालकीनबाई, आपुन कांडतो कशानं?"

"मुसळानं."

"त्याचं पयलं घ्या. आन् दळतो कशावर?"

"जात्यावर."

"त्याचं पयलं त्येच्या फुडं. आन् मालकानं हाक मारली की मी काय म्हनते?"

"जी म्हनतीस."

"झालं की."

मुसळ, जातं आणि जी. आत्याबाईंनी असा नवरा भिंतीवर मांडला आणि वरचं टिंब राहिलं ते मी दारातून आत जाऊन दिलं. तेवढाच माझा त्या शिकवणीतला वाटा. बाहेर बैलांना वैरण टाकणाऱ्या मामांनी सगळं ऐकलं होतं. ते आत डोकावून म्हणाले, "कांडून दळून झालं असंल तर भाकर वाढा कुनी तरी." त्यांना राग आला नव्हता. त्या रात्री जेवताना ते स्वतःशीच दोनदा हसले.

भिंत वाळली तशी अक्षरंही वाळून घट्ट झाली. गुरं बांधायला येणारा जाणारा वाचायचा. गल्लीतल्या बाया बघायला आल्या, मग एकेक करून शिकायला बसायला लागल्या. कुरडयांचे दिवस होते. चीक शिजवायला मोठी परात, घाटायला दोघी, वाळवायला अंगणभर खाटा आणि त्यावर जुनी धोतरं. सोऱ्यातून कुरडई पाडता पाडता कोणी तरी क पाडला, कोणी ल पाडला. आत्याबाईंनी अख्खं सुभद्रा पाडलं आणि ते वाळल्यावर डब्यात वेगळं ठेवलं. दिवाळीला मामांना तळून वाढलं. कौसाबाई खाटांपासून लांब, तुळशीपलीकडे बसायची, कारण कुरडया होत्या, खायची वस्तू होती. आत्याबाईंचा हात तिनं धरला म्हणून सगळंच बदललं असं कोणी समजू नये. हात बदलला होता, खाट तिथंच होती. ते मी गाळून सांगितलं तर आजच्या माझ्या रागाला काही अर्थ राहणार नाही.

मिरगाच्या आधी चौदा सह्या झाल्या. काही वाकड्या होत्या, एकीचं नाव ओळ सोडून पार खाली उतरलं होतं. पण अंगठा एकही नव्हता. पहिली सही कौसाबाईची होती. आत्याबाईंनी पेन तिच्याच हातात आधी दिलं होतं.

ग्रामसेवकानं कागद बघितला. या वेळी त्याला उलटा करायला काही कारण मिळालं नाही. मग तो म्हणाला, "एक करा. नवा कागद घ्या. मोठ्या घरच्या बायांची नावं वर येऊ द्या. हे नाव खाली घ्या. दिवस कसे चाललेत, तुमाला म्हाईत हाय."

दिवस कसे चाललेत, ते आम्हाला माहीत होतं. कौसाबाई आमच्या मागं पायरीखाली उभी होती, तिला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. तिनंच हळू आवाजात सांगितलं, "घ्या खाली, मालकीनबाई. पानी मिळाल्याशी काम."

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "जिनं शिकिवलं तिचं नाव वर."

"मग अर्ज अडकून पडंल, बाई."

"पडू द्या. तंवर आमी हितं बसतो." आणि त्या चावडीच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या शेजारी एकेक करून बाकीच्या. मीही बसले, डोक्यावरचा पदर सावरत. दुपार कलली तरी कोणी उठेना, कोणाच्या घरी चूल पेटेना. गल्लीतले पुरुष चावडीच्या आसपास घिरट्या घालायला लागले. अखेर ग्रामसेवकानं अर्जावर शिक्का मारला, तो गावाला भूक लागली म्हणून मारला असं मामा नंतर कितीतरी वर्षं सांगत.

हापसा पुढच्या वर्षी आला. बोअरच्या गाडीनं दिवसभर आवाज केला, चिंचेचं झाड पांढऱ्या धुळीनं म्हातारं दिसायला लागलं, आणि पाणी लागलं. पहिला दांडा कोणी मारला ते मला सांगता येत नाही, सगळ्याच तुटून पडल्या होत्या. पण कौसाबाईनं स्वतः दांडा मारून भरलेली घागर स्वतः उचलली, ते मी पाहिलं. ती कोणाकडे न बघता सरळ गेली. आणि तो हापसा बिघडायचा तेव्हा उघडता यायचा. आत चामड्याचा वायसर असायचा, तो झिजला की बदलायचा. पान्यानं खोलणारा माणूस वस्तीतलाच होता आणि बाया उभ्या राहून त्याला सांगायच्या, आवाज कुठून येतोय. माझा फोन बिघडला तर परभणीचा दुकानदार म्हणतो, हा उघडत नाही ताई, नवा घ्या. न उघडणारी वस्तू विकत देताना त्याला काही वाटत नाही आणि घेताना आपल्याला वाटेनासं झालंय.

पुढे एका जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. कौसाबाई वाटीत साखर घेऊन आमच्या ओट्यापर्यंत आली. आत्याबाईंनी तिच्या हातून चिमूट घेऊन तिथंच तोंडात टाकली. "आपल्याला एका उन्हाळ्यात आलं, सुबद्राबाय," कौसाबाई म्हणाली. "त्यांनला नाव लिवायला सोळा वर्सं लागली." त्या दिवशी तिनं पहिल्यांदा त्यांना मालकीनबाई म्हटलं नाही. आत्याबाईंनी तिला ओट्यावर बस म्हटलं. ती बसली.

हे सगळं रेशनच्या रांगेत माझ्या मनातून जात होतं आणि दुकानदार पुढचे उपाय सांगत होता. डोळ्यांवरून होतं म्हणे, पण आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ओटीपी येतो म्हणे, पण तो पुण्याला नातवाच्या फोनवर येतो आणि नातू मीटिंगमध्ये असतो. पुन्हा अंगठा लावून बघा म्हणाला. आत्याबाईंनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

"आता देत न्हाई. दस्तखत घे."

"सही चालत न्हाई, आजी."

"अंगठा चालत न्हाई म्हनून मी दस्तखत शिकले. तवा तुमी म्हनले, समदे अंगठे सारखेच. आता म्हनता, समद्यायचे येगळे, पर तुपला अंगठा तुपला न्हाई. एकदा काय ते ठरवा की."

रांगेत मागं उभ्या असलेल्या तीन म्हाताऱ्यांनी आपापले अंगठे बघितले.

घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "कागद घे. अर्ज लिव."

"आत्याबाई, आता अर्ज ऑनलाइन करावा लागतो," मी म्हटलं. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं, मी त्या ग्रामसेवकाच्या आवाजात बोलत होते. मी वही काढली. लिहिलं की ज्यांचा अंगठा कामानं झिजला आहे त्यांच्यासाठी वेगळी नोंद ठेवायची सोय नियमात आहे असं आम्ही ऐकतो, ती नोंदवही उघडावी आणि आमची नावं कमी करू नयेत. आम्ही स्वतः येऊन सही करू. येऊन बसू, असं आत्याबाईंनी शेवटी घालायला लावलं.

मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते परत केलं, काठी घेतली आणि उन्हात बाहेर पडल्या. चिंच आता नाही, हापश्याचा नुसता गंजका खांब उरलाय. त्याला वळसा घालून त्या वस्तीकडे चालू लागल्या आणि मी कागद घेऊन त्यांच्या मागं.

कौसाबाई दारात पत्र्याच्या सावलीत बसली होती. तिचे डोळे पार गेलेत. अंगठा तिचाही उठत नाही, कार्डावरचं तिचंही नाव जायच्या वाटेवर आहे. तिच्या सुनेनं ते मला आधीच सांगितलं होतं.

"कोन?"

"मी. सुबद्रा."

"बस की. उन्हाची कामून आलीस?"

"अर्जी हाय एक. दस्तखत पायजे तुपलं."

"कशाची अर्जी?"

"अंगठ्याची."

"अजून?" ती म्हणाली.

मग तिनं हात पुढे केला, मी त्यात पेन ठेवलं. कागद मांडीवर घेऊन तिनं त्यावरून तळवा फिरवला. "मला काही दिसत न्हाई, माय. जागा दाखव."

आत्याबाई खाली वाकल्या. त्यांनी कौसाबाईचा हात आपल्या हातात धरला, तिचं बोट कागदावरून सरकवत नेलं आणि पहिल्या ओळीवर टेकवलं. "हितं," त्या म्हणाल्या, "समद्यात वर."